शेड उघडेपर्यंत

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत, आमच्या कारखान्यामागं
दोन एकर पडीक रान आहे.
भेगाळलेली काळी माती, वेड्या बाभळी,
आणि नव्वद पावलांवर एकटा लिंब.
लिंब माझं निशाण.

सात नंबरची ती लोखंडी काठी
बेल्जियमचा एक गिऱ्हाईक टॉवेलचे नमुने बघायला आला
आणि विसरून गेला.
मालक म्हणाले, भंगारात टाका.
मी हिशेबनीस. चालू वस्तू भंगारात टाकायला
माझा हात धजत नाही.

तेव्हापासून सकाळी सहाला, ऊन अंगावर यायच्या आत,
अकरा चेंडू. वहीत तीन रकाने :
डावीकडे, लिंबाकडे, उजवीकडे.
पहिल्या महिन्याची बेरीज विचारू नका.
उजवा रकाना डाइंगच्या पाइपापर्यंत पोचला होता.

एकदा मात्र एक गेला. टक्क. खोडावर.
त्या दिवशी दोन बिलांवर मी तारीखच घातली नाही.
दुसऱ्या दिवशी तसाच मारायला गेले
आणि अकराच्या अकरा बाभळीत.
तेव्हा कळलं, कालचाही चुकलाच होता,
फक्त सरळ चुकला होता.

राजेशम बोद्दुल, जॉबर, रात्रपाळी सुटून
डब्याची पिशवी घेऊन कुंपणाशी उभा राहायचा.
छत्तीस वर्षं मागांच्या खडखडाटात गेलेली,
कानांनी कधीच राजीनामा दिलेला.
मागाच्या चौकटीवर तळवा ठेवून
कुठं काय ढिलं झालंय ते सांगणारा माणूस.
आठ दिवस नुसता बघत होता. नवव्या दिवशी म्हणाला,
मोठ्यानं, बहिऱ्या माणसाच्या आवाजात :
"मॅडम, शेड उघडायच्या आत धोटा मारायलाव तुम्ही.
तारा तुटणारच की."

मग पिशवीतून दोन टॉवेल काढले,
किनार चुकलेले, सेकंडचे.
एक घडी करून माझ्या डाव्या काखेत दिला :
"पडला नाही पाहिजे. हात अंगापासनं सुटायलाय."
दुसरा मातीत अंथरला, चेंडूच्या मागं चार बोटं :
"ह्याला लागली नाही पाहिजे काठी."
आणि निघून गेला, झोपायला.

काखेतला टॉवेल पडला. पुन्हा पडला.
जमिनीवरचा चेंडूआधीच उडाला,
धूळ माझ्या चष्म्यावर.
मे महिन्यात सकाळी सातलाच मूठ घामानं सुटते,
मग आपण ती आवळतो,
आणि आवळली की खांदे कानांशी येतात.
हे सगळं मला टॉवेलनं सांगितलं, पडून पडून.

काठी वर गेली की तिथं एक जागा असते,
श्वास घेण्याइतकीसुद्धा नसते, पण असते.
तिथं थांबायचं नाही, फक्त घाई करायची नाही.
आधी कंबर निघते, मग खांदा,
हात सगळ्यात शेवटी, पाहुण्यासारखे.
एवढं कळायला मला जून लागला.

मधला रकाना : तीन. चार. चार. पाच.
मग एक दिवस शून्य.
आदल्या संध्याकाळी मालकांनी सांगितलं होतं
की जुने सोळा माग काढायचे, बिनधोट्याची मशिनं येणार,
आणि वजनाचा भाव मला काढायला लावला होता.
राजेशमला हे कुणी सांगितलं नव्हतं.
त्यानं माझा पहिलाच फटका बघितला
आणि काही बोलला नाही.
चेंडू मात्र वेचून आणले, अकरा, एकही न हरवता.

आज सहा गेले लिंबाच्या सावलीत.
"किती?" त्यानं हातानं विचारलं.
मी सहा बोटं दाखवली, जरा मिरवत.
त्यानं बाभळीकडं बघितलं,
मग माझ्या हाताकडं, न उघडलेल्या चार बोटांकडं,
"अन् ते पाच?"

टॉवेल मातीत पडला होता.
झटकून पुन्हा काखेत धरला.
सोळा मागांचं आज तरी त्याला सांगायला हवं.
आधी हे पाच मारते.